इंजिनाचा श्वास आणि १९३८चा एक पठ्ठ्या

गाडीचा पिकअप घरच्या घरी, स्वस्तात कसा वाढवायचा, हा प्रश्न गाड्यांच्या कट्ट्यावर हमखास निघतोच. मी स्वतः बारावीनंतर हा उद्योग केलाय. बाबांच्या जुन्या गाडीचा एअर फिल्टर काढून फेकला, बस्स. इंजिन असं काही घुमायला लागलं की वाटलं, जिंकलो! पुढे काय झालं ते सांगतो. आधी कॅलिफोर्नियाला जाऊ.

१९३२ साली फोर्डने व्ही-८ इंजिन साध्या माणसाच्या गाडीत आणलं. ३.६ लिटरचं धूड, आणि ताकद फक्त ६५ हॉर्सपॉवर! आजची छोटी हॅचबॅकसुद्धा एवढी देते. मग ते दमत कुठे होतं? श्वासात. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. इथे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, म्हणजे हवेला वळणं घेत आत जायचं, आणि दारात कार्ब्युरेटर एकच.

मंदीचे दिवस होते, पण जुन्या फोर्ड स्वस्तात मिळायच्या. पोरं मडगार्ड काढून त्या गाड्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवायची. त्यातलाच एक व्हिक एडलब्रॉक. कॅन्ससहून १९३१मध्ये आलेला, गाड्या दुरुस्त करून पोट भरणारा. १९३८मध्ये त्याने १९३२ची फोर्ड रोडस्टर घेतली आणि पुढे तिच्यासाठी दोन कार्ब्युरेटर बसतील असा मॅनिफोल्ड बनवला. मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंत जाणारी, फाटे फुटलेली नळी. नाव ठेवलं ‘स्लिंगशॉट’, म्हणजे आपली गलोल! आणि गंमत बघा, रोज फिरायलाही हीच गाडी. नोव्हेंबर १९४१मध्ये रोझामंडच्या तळ्यावर ती ताशी १२१.४२ मैल धावली, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर. तीनच आठवड्यांत पर्ल हार्बर झालं आणि व्हिक जहाजाच्या गोदीत वेल्डिंग करायला गेला. मॅनिफोल्डचा धंदा खरा फोफावला तो युद्धानंतर.

मला यातलं आवडतं ते हे की त्याने आवाज नाही, अडथळा शोधला. आपल्याकडे घरगुती अडथळे म्हणजे तुंबलेला फिल्टर, चिरलेला रबरी पाइप आणि बॉनेटखालची गरम हवा. ५५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. पण गार हवेच्या हौसेपायी पाइपचं तोंड बंपरखाली नेऊ नका. पावसात पाणी आत गेलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हां, बाबांची गाडी. सहा महिन्यांत निळा धूर सुरू झाला. मिस्त्रींनी हेड उतरवलं, सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवलं आणि मला म्हणाले, “हात लाव.” धुळीने पडलेले चरे बोटाला लागत होते. बाबा ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, “फिल्टर केवढ्याला येतो रे?”

मला माहीत नव्हतं.