मोटर बदलली म्हणून सूर बदलत नाही

जुन्या टर्नटेबलच्या शौकिनांत एक मत पक्कं रुजलं आहे: मूळ मोटर जळाली की यंत्र संपलं, दुसरी बसवली तर अस्सलपणा गेला. काही यंत्रांपुरतं हे खरंच आहे. टेक्निक्स एसएल-१२०० मार्क २ मध्ये प्लॅटरखालचं चुंबक हाच मोटरचा रोटर असतो; तिथे बाहेरची मोटर बसणारच कुठे? गॅरार्ड ३०१ मध्ये रबरी चाक मोटरची थरथर प्लॅटरपर्यंत नेतं, म्हणून तिथेही परकी मोटर घुसडू नये.

पण हेच सोवळं बेल्टवर चालणाऱ्या यंत्रांना लावणं मला मान्य नाही. तिथल्या मोटरने नेमक्या वेगाने, न थरथरता फिरावं, एवढंच तिचं काम. सिंक्रोनस मोटरचा वेग पुरवठ्याची फ्रीक्वेन्सी आणि मोटरचे पोल यांवर ठरतो. २४ पोलची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला २५० फेरेच घेणार, मग ती कुठल्याही कारखान्यातली असो.

उलट, अस्सलपणाचा हट्ट कुठे नेतो ते पाहा. अमेरिकेहून परतलेलं कुटुंब तिथलं टर्नटेबल घेऊन येतं. मोटर मूळची, पुलीही मूळची, सोबत फक्त ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी कातलेली पुली इथे ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे देते. काळी पाचमध्ये गाणारी गायिका मग पांढरी पाचच्याही किंचित खाली ऐकू येते. लयही तेवढीच रेंगाळते. याला अस्सल कसं म्हणायचं?

खरी काळजी घ्यायची ती पुलीची, आणि दिघीकराला त्यासाठी लांब जायला नको. शेजारच्या भोसरी एमआयडीसीतल्या चांगल्या टर्नरच्या हातचं हे काम आहे. पितळी पुलीचा बोअर आणि बाहेरचा व्यास, दोन्ही जॉब चकमधून न काढता एकाच सेटिंगमध्ये घ्यायचे. मग पुली शाफ्टवर चढवून डायल लावून बघायचं. १० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचं केंद्र ०.०५ मिलिमीटर सरकलं, तर बेल्टचा वेग दर फेऱ्याला एकेक टक्का वरखाली होतो. २५० फेऱ्यांच्या मोटरवर हा हेलकावा सेकंदाला चारेक वेळा येतो, आणि वेगातल्या चढउताराला आपला कान चार हर्ट्झच्या आसपासच सगळ्यात हळवा असतो. जड प्लॅटर बराचसा हेलकावा गिळतो. उरलेला तानपुऱ्याच्या षड्जावर लगेच कळतो.

(मोटर खरोखर जळली आहे का, तेही आधी बघावं. कित्येकदा बुश कोरडं पडलेलं असतं किंवा कपॅसिटर गेलेला असतो.)

बदललेल्या मोटरच्या वेगाबद्दल तरीही शंका असेल, तर १८० रेघांची स्ट्रोब चकती प्लॅटरवर ठेवून मेन्सवरच्या निऑन दिव्याखाली पाहावी. ५० हर्ट्झवर तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांना रेघा जागच्या जागी दिसतात. रेघा सारख्या एकाच बाजूला सरकू लागल्या, तर पुलीचा व्यास चुकलेला असतो किंवा बेल्ट घसरत असतो. मोटर परकी आहे म्हणून त्या सरकत नाहीत.