डब्याखालची बॅटरी

परभणी जिल्ह्यातले मानवत गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. मानवत रोड हे त्याचे स्टेशन गावापासून काही किलोमीटर दूर आहे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी ही मीटरगेज लाईन निजामाच्या राजवटीत, १९०० सालच्या सुमारास सुरू झाली. १९९०च्या दशकात ती ब्रॉडगेज होईपर्यंत आम्ही लहानपणी त्या गाड्यांनी पुष्कळ प्रवास केला. रात्री गाडी स्टेशनात रेंगाळली की डब्यातले दिवे हळूहळू पिवळे पडत. गाडीने वेग घेतला की ते पुन्हा उजळत. ‘इंजिन दमलंय बाळा,’ असे आजी सांगायची. इंजिनाचा मात्र यात काही दोष नव्हता. खरे कारण डब्याखाली टांगलेल्या पेटीत होते.

रेल्वेचा डबा म्हणजे विजेच्या खांबांपासून तुटलेले, चाकांवरचे घर. अशा घराला वीज कशी पुरवायची? शेतातल्या खोलीत सौरदिवा लावणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये ज्यांच्यासाठी पर्यटन धोरण आखले, त्या कॅराव्हॅनमधून भटकणाऱ्यांनाही तो पडतो. बॅटरी कोणती घ्यायची, किती घ्यायच्या आणि कशा जोडायच्या? रेल्वेने याची उत्तरे कशी शोधली ते पाहू.

शिसे आणि आम्ल

१८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा पहिला घट बनवला. त्यात वीज साठायची थोडी आणि तो तयार करायला वेळ लागायचा फार. १८८१च्या सुमारास कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापला आणि घटाची क्षमता एकदम वाढली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लंडन-ब्रायटन मार्गावरच्या एका पुलमन डब्यात, आधीच चार्ज केलेल्या फोरच्या घटांवर विजेचे दिवे लावण्यात आले.

पण घट उतरले की पुढे काय? मग डब्याच्या आसालाच पट्ट्याने डायनॅमो जोडण्याची कल्पना आली. चाके फिरली की वीज तयार होणार, दिवे लागणार आणि बॅटरीही चार्ज होणार. यात अडचणी दोन होत्या. गाडी भरधाव सुटली तर विभवांतर भलतेच वाढेल. गाडी थांबली तर बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत वाहून वाया जाईल. १८९०च्या दशकात लंडनच्या जे. स्टोन अँड कंपनीने दोन्हींवर तोडगा काढला. त्यांनी डायनॅमो असा टांगला की ठरावीक वेगानंतर पट्टा नुसता घसरे आणि डायनॅमोचा वेग वाढत नसे. वेग फार कमी झाला की एक स्वयंचलित स्विच डायनॅमोला बॅटरीपासून तोडत असे. भारतीय रेल्वेतही ही पद्धत रुळली. आज सौर पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसवलेला कंट्रोलर रात्री हेच राखणदाराचे काम करतो.

एकसर की समांतर?

शिशाचा एक घट केवढाही मोठा केला तरी सुमारे २ व्होल्टच देतो. आकार वाढवल्याने वाढते ती क्षमता, म्हणजे अँपिअर-तास. व्होल्ट हवे असतील तर घट एकसर जोडायचे. मीटरगेज डब्यांत २४ व्होल्टची पद्धत होती, म्हणजे १२ घट एकसर. पुढे डब्यांत ११० व्होल्टची पद्धत आली. हा बदल कशासाठी?

समजा दिवे आणि पंखे मिळून ४८० वॅट लागतात. २४ व्होल्टला विद्युतधारा २० अँपिअर होईल, ११० व्होल्टला साधारण ४.४ अँपिअर. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून त्याच तारेतला अपव्यय सुमारे एकविसाव्या हिश्श्यावर येतो. कॅराव्हॅनमध्ये मोठा भार असेल तर १२ ऐवजी २४ व्होल्ट घेतात, ते याच कारणाने.

व्होल्ट तेवढेच ठेवून जास्त वेळ वीज हवी असेल तर बॅटऱ्या समांतर जोडतात. तेव्हा एक तार पहिल्या बॅटरीच्या धन टोकावरून घ्यावी आणि दुसरी शेवटच्या बॅटरीच्या ऋण टोकावरून, म्हणजे भार सारखा वाटला जातो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी.

आमची चूक

२००६ सालची गोष्ट. भारनियमन दहा-बारा तासांचे, आणि धाकट्या बहिणीचे बारावीचे वर्ष. आम्ही तेव्हा पीएच.डी. करत होतो, त्यामुळे घरच्यांचा आमच्यावर भरवसा. स्वस्त पडते म्हणून आम्ही ट्रकची बॅटरी आणून दिली. ती रोज रात्री पार उतरायची. काही महिन्यांतच ती तासभरही टिकेना. मग वडिलांनी कापसाच्या पैशांतून नवी बॅटरी घेतली आणि आम्ही ती जुनीलाच समांतर जोडली. नवीची वीज रात्रंदिवस जुनीत मुरत राहिली. ऐन परीक्षेत बहिणीने कंदिलावर अभ्यास केला.

ट्रकच्या बॅटरीला इंजिन सुरू करण्यासाठी काही सेकंद प्रचंड धारा द्यावी लागते. म्हणून तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात. रोज खोलवर उतरवल्या की त्यांच्यावरचा लगदा झडतो आणि त्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात. रोज तासन्‌तास दिवे चालवायचे तर जाड किंवा नळीदार प्लेटांची बॅटरी लागते, आणि तीही शक्यतो निम्म्याहून जास्त उतरवू नये. जुनी आणि नवी तर कधीच एकत्र जोडू नये. रेल्वेच्या दिव्यांसाठी वेगळे घट का बनवले गेले, हे आम्हाला तेव्हा कळले.

वर्गात हा प्रयोग जरूर करा. टॉर्चचे चार नवे, एकाच प्रकारचे सेल आणि दोन सारखे बल्ब घ्या. एका बल्बला दोन सेल एकसर जोडा, दुसऱ्याला दोन समांतर. कोणता बल्ब प्रखर आणि कोणता जास्त वेळ टिकला, याची मुलांना नोंद करू द्या. मग त्यांना विचारा, स्टेशनात थांबलेल्या गाडीचे दिवे पिवळे का पडायचे?