उरातील गोळी व रक्ताची खूण

छातीस गोळी लागली म्हणजे मनुष्याचा ग्रंथ आटोपला, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. नाटक-सिनेमांनी तो दृढही केला आहे. अमेरिकेच्या इतिहासातील दोन प्रसंग मात्र निराळी हकीकत सांगतात.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकी येथे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट सभेस निघाले असता त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. खिशातील पन्नास पानी भाषणाची घडी व चष्म्याचे पोलादी घर भेदून ती छातीत शिरली. रूझवेल्टांनी हातावर खोकून पाहिले, रक्त दिसेना. त्यावरून फुप्फुस शाबूत असल्याचे ताडून त्यांनी तासाहून अधिक काळ भाषण केले! धैर्य खरे, पण असला हट्ट विद्यार्थ्यांनी गिरवू नये, असे आमचे शिक्षकी मत आहे. डॉक्टरांनी गोळी काढण्याचा खटाटोप केला नाही. १९१९ साली मृत्यू येईपर्यंत ती त्यांच्या देहातच राहिली.

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. आम्ही तेव्हा नुकतेच शाळेत रुजू झालो होतो. गोळी मोटारीवर आपटून त्यांच्या डाव्या काखेखाली शिरली. बाहेरून जखम लक्षातच आली नाही. बरगडी मोडली असावी, असे प्रथम वाटले. इतक्यात ओठांवर लाल, फेसाळ रक्त आले. रूझवेल्टांनी शोधलेली खूण ती हीच! अंगरक्षक जेरी पार यांनी व्हाइट हाऊसची वाट सोडून मोटार इस्पितळाकडे वळविली. सत्तर वर्षांचे रेगन पायी आत गेले आणि कोसळले.

छातीच्या पोकळीत रक्त व हवा साठली म्हणजे फुप्फुस दबते व श्वास कोंडतो. म्हणून डॉ. जिओर्डानो यांच्या पथकाने बरगड्यांमधून नळी घालून रक्त बाहेर काढले, आणि शिरेवाटे दुसरे चढविले. फुप्फुस पुन्हा फुगले की रक्तस्राव बहुधा थांबतो. येथे तो थांबेना, तेव्हा डॉ. आरन यांनी छाती उघडली. नाण्यासारखी चपटी झालेली गोळी हृदयापासून सुमारे इंचभर अंतरावर सापडली. तोवर अंगातील निम्म्याहून अधिक रक्त गेले होते. तरी ११ एप्रिलला रेगन घरी परतले, आणि पुढे २००४ पर्यंत जगले.

याच्या शंभर वर्षे आधी, २ जुलै १८८१ रोजी, राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या पाठीत गोळी शिरली होती. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे जखमेत घालून ती शोधली. जखम चिघळली आणि १९ सप्टेंबरला ते वारले. गोळी नेमकी कोठे होती, हे शवविच्छेदनानंतरच कळले.