न पाहिलेल्या माणसाचे चित्र

ज्याला आपण कधी पाहिलेले नाही त्या माणसाचे चित्र काढवून घ्यायचे आणि ते त्यालाच भेट म्हणून पाठवायचे, याला धाडस म्हणावे की भाबडेपणा? कलकत्त्याच्या डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ च्या सुमारास हे केले. चित्र होते व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडचे. फ्रॉइडने आभार मानले. चित्र आपल्या मानाने फारच छान आहे, पण चित्रकाराने काही वांशिक लक्षणे ध्यानात घेतलेली नाहीत, असे मिस्कीलपणे कळवले. फ्रॉइड ज्यू होता. चित्रातले गृहस्थ मात्र एखाद्या इंग्रज साहेबासारखे दिसत होते!

ही हकिकत वाचली तेव्हा मी मनमुराद हसलो. पुढे हसू ओसरले. का, ते शेवटी सांगतो.

गिरींद्रशेखरांचा जन्म १८८७ चा. बंगालीत 'परशुराम' या नावाने विनोदी कथा लिहिणारे राजशेखर बोस हे त्यांचे वडील बंधू. गिरींद्रशेखर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि शरीराच्या दुखण्यांवरून मनाच्या दुखण्यांकडे वळले. १९२१ मध्ये त्यांनी दमनाविषयीचा आपला प्रबंध फ्रॉइडला पाठवला. तेथून सुरू झालेला पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. पण प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. १९२२ मध्ये बोसांच्या पारशीबागान गल्लीतील घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली.

हे दमन म्हणजे काय? आपल्याला लाज वाटणाऱ्या, भीती वाटणाऱ्या इच्छा आपण मनाच्या तळाशी ढकलतो. त्या तेथे गप्प बसत नाहीत. स्वप्नांतून, विसराळूपणातून, कधी आजारातून डोके वर काढतात. फ्रॉइडची सारी मते आज कोणी जशीच्या तशी मानत नाही. पण त्याने एक पायंडा पाडला, तो मला फार मोठा वाटतो: रोग्याने बोलावे आणि वैद्याने ऐकावे.

ऐकण्याचा कंटाळा असला की हेच शास्त्र कसे वाकते, याचेही उदाहरण त्या संस्थेतच होते. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे प्रमुख ओवेन बर्कली-हिल हे संस्थेच्या पहिल्या सभासदांपैकी एक. त्यांनी १९२१ मध्ये एक लेख लिहून साऱ्या हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव बालपणीच्या शौचाच्या सवयींतून उलगडून दाखवला! एवढा मोठा समाज एका सूत्रात बसवला. हे चित्र राज्यकर्त्यांना सोयीचेच होते. नवल असे, की या साहेबांची पत्नी मलबारची होती. घरातच हिंदुस्थान होता, तरी चित्र मात्र न पाहिलेल्या माणसाचेच निघाले.

बोसांनी उलट केले. ते रोग्यांपाशी बसून ऐकत राहिले आणि १९२९ मध्ये त्यांनी फ्रॉइडला स्पष्ट लिहिले, की तुमच्या सिद्धांतातली बापाच्या शिक्षेची ती धास्ती माझ्या हिंदी रोग्यांत युरोपीय रोग्यांइतकी ठळक दिसत नाही. उलट आपण स्त्री असावे ही इच्छा येथल्या पुरुषांच्या मनात अधिक सहज सापडते. ज्याला गुरू मानले त्यालाच असे सांगायला छाती लागते. फ्रॉइडने सौजन्याने उत्तर दिले, पण त्याला ते पुरते पटले नाही.

गुरुशिष्यांचा स्नेह मात्र तुटला नाही. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती गेली. फ्रॉइडने ती आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली. ही मूर्ती आपल्याला मनोविश्लेषणाने परदेशांत मिळवलेल्या विजयांची आठवण देईल, असे त्याने कळवले. म्हणजे बोसांनी धाडला देव, आणि फ्रॉइडने त्यात पाहिली विजयाची खूण! हिटलरच्या भयाने १९३८ मध्ये फ्रॉइडने लंडन गाठले, तेव्हा मूर्तीही बरोबर गेली. बोसांच्या संस्थेने १९४० मध्ये कलकत्त्यात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उघडले. १९५३ मध्ये ते वारले.

आता माझे हसू का ओसरले ते सांगतो. मी शाळामास्तर. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. काहीही विचारले की उभा राहून म्हणे, "येत नाही." चार महिने मी त्याला सगळ्यांदेखत मठ्ठ म्हणत होतो. एका रविवारी एस.टी.त तो माझ्या पुढच्या बाकावर होता. कंडक्टरने "कुठे?" विचारले. पोराचे ओठ थरथरले, मान ताठ झाली, शब्द फुटेना. शेवटी त्याने आपल्या गावाच्या पुढच्या गावाचे नाव घेतले, जास्तीचे पैसे दिले आणि आपल्याच थांब्यावर उतरून गेला. स्वतःच्या गावाचे पहिले अक्षर त्याला उच्चारता येत नव्हते. तोतरेपणा लपवण्यासाठी तो रोज मठ्ठ ठरणे पत्करत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याची उत्तरे मी वहीत लिहून घेऊ लागलो. बहुतेक बरोबर असत. पण त्याला मठ्ठ म्हटले होते वर्गासमोर, आणि माफी मागितली ती व्हरांड्यात, एकट्यात. ते मला आजही सलते.

आता २०१७ च्या कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा हक्क झाला आहे. चांगलेच झाले. पण दवाखान्याच्या आधी घर असते, वर्ग असतो. या चार दिवसांत मुले सुट्टीवर घरी असतील, सुना-लेकी आलेल्या असतील. त्यांची चित्रे आपल्या मनात केव्हाचीच तयार आहेत. फराळाचे ताट पुढे ठेवून थोडा वेळ आपण गप्प बसावे, आणि त्यांना बोलू द्यावे.