कागदी पेल्यांचा वर्षाव

एके रात्री रॉकचा जलसा आणि दुसऱ्याच रात्री हिपहॉपचा, अशी लागोपाठ हजेरी लावणारे तरुण आज मोठ्या शहरांतून सहज भेटतात. त्यांना त्यात नवल वाटत नाही. आम्हांला मात्र वाटते. कारण या दोन संगीतांचे चाहते आरंभी एका छपराखाली आले तेव्हा काय घडले, ती हकिकत आमच्या वाचनात आली आहे. हे संगीत आमच्या कानांच्या वळणाचे नव्हे, हे आधीच कबूल करतो.

हकिकत न्यू यॉर्कची. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्स भागातील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक दालनात सिंडी कॅम्पबेल या मुलीने नाचाचा कार्यक्रम ठेवला. शाळा उघडण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत, एवढाच हेतू. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजवायला तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह होता. जन्म जमैकाचा, वय अठरा, टोपणनाव कूल हर्क. गाण्यातले शब्द थांबून नुसता ताल उरतो तेव्हा नाचणाऱ्यांना खरा रंग चढतो, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. त्या तालावर यमके जुळवीत बोलण्याची प्रथा पडली. हिपहॉपची जन्मकथा म्हणून सांगतात ती हीच.

त्याच वर्षी डिसेंबरात हिली क्रिस्टल यांनी मॅनहॅटनच्या बावरी या बेघरांच्या रस्त्यावर सीबीजीबी हे मद्यगृह उघडले. येथे वाजवायचे तर स्वतःची गाणी वाजवावीत, असा त्यांचा दंडक. त्यातून रॅमोन्ससारखे वाद्यवृंद पुढे आले आणि पंक रॉकला घर मिळाले. मोठ्या कंपन्यांची मनधरणी न करता स्वतःच तबकडी काढण्याची पंकवाल्यांची जिद्द हीच ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, रॉकची पूर्वपीठिका. मँचेस्टरच्या बझकॉक्स वृंदाने १९७७ च्या आरंभी तसे करूनही दाखविले.

१९७५ साली हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. ओढगस्त दोन्ही वस्त्यांत होती, परंतु परस्परांची ओळख नव्हती. मध्ये हार्लेम नदी. आणि नदीहून रुंद अशी वर्णभेदाची दरी.

ती ओलांडण्याचा एक धीट यत्न परदेशी पाहुण्यांनी केला. लंडनचा द क्लॅश हा पंक वृंद १९८० साली ध्वनिमुद्रणासाठी न्यू यॉर्कला आला असता रॅपने भारावला, आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ हे गाणे त्याच धाटणीत बांधले गेले. त्याचे शब्दविरहित रूप डब्ल्यूबीएलएस या कृष्णवर्णीयांच्या लाडक्या नभोवाणी केंद्रावरून वाजू लागले. पुढल्या वर्षी, २८ मेपासून, टाइम्स स्क्वेअरजवळील बाँड्स या सभागृहात क्लॅशचे जलसे ठरले. ही पूर्वी कपड्यांची पेढी होती. तिकिटे प्रमाणाबाहेर विकली गेली, सरकारी खात्यांनी गर्दीवर बंदी घातली, रस्त्यावर गोंधळ उडाला. तेव्हा प्रत्येक तिकिटाचा मान राखण्यासाठी वृंदाने मूळ बेताच्या दुप्पट म्हणावेत असे १७ जलसे १३ जूनपर्यंत केले. काही दिवशी तर दुपारीही आणि रात्रीही. हा प्रामाणिकपणा आम्हांला मनापासून आवडतो.

परंतु आमचा विषय त्याआधीच्या घटकेचा आहे. क्लॅशने आपल्यापूर्वी गाण्याचा मान ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या गटाला दिला होता. पहिल्या रात्रींतच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली आणि कागदी पेले फेकून मारले. रॉकसाठी पैसे मोजलेल्या त्या प्रामुख्याने गोऱ्या जमावाला मंचावर गिटार दिसत नव्हते. दिसत होते ते तबकड्या फिरविणारे आणि भरभर बोलणारे काळे तरुण. क्लॅशच्या मंडळींनी आपल्याच चाहत्यांची मंचावरून कानउघाडणी केली. लाडक्या कलावंतांचे बोट धरून श्रोते येतात खरे, पण कान घरी ठेवून येतात!

आणखी एक गोष्ट आम्हांला राहून राहून अस्वस्थ करते. बंडखोर म्हणून नावाजलेल्या क्लॅशच्या तबकड्या सीबीएस ही बलाढ्य कंपनी काढीत असे. फ्लॅशच्या गटामागे होती शुगर हिल ही न्यू जर्सीतील लहानशी स्वतंत्र कंपनी, सिल्व्हिया रॉबिन्सन आणि त्यांचे पती यांनी उभारलेली. म्हणजे ‘इंडी’ शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला, तर त्या मंचावर खरे इंडी कोण होते? ज्यांच्यावर पेले पडले तेच.

१९८२ साली त्याच गटाच्या नावाने ‘द मेसेज’ ही तबकडी निघाली. दारिद्र्याने पिचलेल्या वस्तीचे इतके रोखठोक चित्र रॅपमध्ये तोवर क्वचितच उमटले होते. बाँड्समध्ये पेले भिरकावणाऱ्यांपैकी किती जणांनी ती विकत घेतली असेल, कोण जाणे! अमेरिकेच्या रॉक अँड रोल सन्मान दालनात क्लॅशचे नाव २००३ साली दाखल झाले. जो स्ट्रमर त्यापूर्वीच, डिसेंबर २००२ मध्ये, निवर्तला होता. चार वर्षांनी त्याच दालनात फ्लॅश आणि त्याच्या पाच साथीदारांना प्रवेश मिळाला. हिपहॉपच्या गटाचा असा सन्मान तेथे प्रथमच होत होता.