इंग्रजीचा तास आणि मराठीची लेखणी

आपल्या समाजाच्या गुणगौरव समारंभात मुलामुलींचा सत्कार होताना पाहून आम्हांस दरवर्षी मोठा आनंद होतो. गुणपत्रिकेतील इंग्रजीचा आकडा वाचून दाखविला जातो तेव्हा आईवडिलांच्या मुद्रेवर जे समाधान उमटते, ते पाहण्यासारखे असते. परंतु त्या आकड्यात लेखणी किती आणि पाठांतर किती, हा प्रश्न आमच्या मनास टोचल्यावाचून राहत नाही. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, म्हणून हाच विषय ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. आम्ही कोणी विद्वान नव्हे. शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत, त्यावर अध्यापनाची पदविका. आणि सारी हयात माध्यमिक शाळेतील पाचवी ते सातवीच्या वर्गांस इंग्रजी शिकविण्यात गेली, एवढाच आमचा अधिकार.

आपल्या प्रांतातील इंग्रजीच्या तासाचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. ज्यांनी इंग्रजी उत्तम आत्मसात केली, त्यांनी मराठीची लेखणी खाली ठेविली नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. त्यात एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर असे. एकच गोष्ट दोन भाषांत मांडावयाची म्हणजे ती आधी स्वतःस नीट समजली पाहिजे; तेथे घोकंपट्टीचा काही उपयोग नाही. पुढे १८४७ साली मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. आज आपण मराठीत स्वल्पविराम व पूर्णविराम सहज घालतो. ही चिन्हेही इंग्रजीवरूनच आली, आणि ती रूढ करण्यात मेजर कँडींचा मोठा वाटा होता. आपल्या जुन्या पोथ्यांतील मजकूर विरामचिन्हांवाचून सलग लिहिलेला असे.

१८३५ च्या मेकॉले यांच्या टिपणाची आठवण सर्वांनाच असते. परंतु १८५४ च्या वुड यांच्या खलित्यात उच्च शिक्षणासाठी इंग्रजी आणि बहुजनांसाठी देशी भाषा, अशी दोन्ही कलमे होती, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तेव्हापासून हायस्कुलातील इंग्रजीस त्या परीक्षेचे वळण लागले. रीडरमधील धडा वाचावयाचा, शब्दांचे व्याकरण चालवावयाचे, कवितेचा अर्थ गद्यात लिहावयाचा, उतारा भाषांतर करावयाचा आणि शेवटी निबंध, असा क्रम रूढ झाला. कारकुनीची वाट याच दारातून जात असल्याने पुष्कळांनी दारापुरतेच शिकून घेतले.

तथापि याच तासातून मोठी माणसेही निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. इंग्रजीतील निबंधकारांचे त्यांनी मनापासून वाचन केले आणि जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले आणि मराठी गद्यास निराळेच तेज चढले. डॉ. जॉन्सन यांच्या 'रासेलस'चे भाषांतर या पितापुत्रांनी केले. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. नाव इंग्रजी, पण तेथील शिक्षकांची मराठी पाहा! आगरकरांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली मराठीत आणले. साहित्य शिकविणे म्हणजे नोट्स उतरवून देणे, असे या मंडळींस कधी वाटले नाही.

हा लाभ आरंभी मूठभर घरांपुरताच होता, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे इंग्रजीतच निवेदन ठेविले आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. १९०७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी मराठीत वृत्तपत्रे चालविली आणि इंग्रजीत ग्रंथ लिहिले. ज्यांच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे होते, त्यांच्या हाती परकी भाषाही शस्त्र झाली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली. खेर मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी आठवीपासून सुरू होऊ लागली. पुढे ती पुन्हा पाचवीवर आली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मागे पडली आणि ठरावीक शब्द व वाक्यरचना तोंडी घटवून घेण्याची नवी पद्धत आली. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, आणि जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. प्रत्येक पद्धतीत काही गुण होते. परंतु परीक्षेत जे विचारतील तेवढेच लिहून घ्यावयाचे, ही खोड कोणत्याच पद्धतीने गेली नाही.

ती खोड आम्हांसही होती. येथे आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. 'माय मदर' या विषयावर दहा वाक्यांचा निबंध आम्ही फळ्यावर लिहून देत असू. सारा वर्ग तो उतरून घेई, पाठ करी आणि परीक्षेत जसाच्या तसा लिही. आम्हीही समाधानाने गुण देत होतो. एके वर्षी सहावीतील एका मुलीचा पेपर तपासला. आई पहाटे उठते, माझी वेणी घालते, मला डबा देते. दहाही वाक्ये बिनचूक होती. आम्ही पूर्ण गुण दिले आणि पुढील पेपर हाती घेतला, तोच आठवले की या मुलीची आई आदल्या पावसाळ्यातच वारली होती. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. चूक मुलीची नव्हती; खरे लिहिण्याची मुभा आम्हीच तिला दिली नव्हती.

त्यानंतर आम्ही फळ्यावरचा निबंध बंद केला. विषय आधी मराठीत बोलावयाचा, मग मुलाने स्वतःची पाच वाक्ये इंग्रजीत लिहावयाची, असा क्रम ठेविला. चुका पुष्कळ झाल्या. दोन वर्षे निकाल घसरला. पालक तक्रार घेऊन आले आणि वरिष्ठांनीही विचारणा केली. परंतु तिसऱ्या वर्षी एका मुलाने आपल्या म्हशीवर सात वाक्ये लिहिली. तीन वाक्यांत व्याकरण चुकले होते, पण म्हैस त्याची स्वतःची होती. ते सात वाक्यांचे पान आम्ही अद्याप जपून ठेविले आहे.

आज आपल्या समाजातील पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्यात गैर काही नाही. काळाची गरज आम्ही जाणतो. परंतु आजोबांस मराठीत चार ओळी लिहिता येत नाहीत आणि इंग्रजीत गाईडवाचून अर्ज लिहिता येत नाही, अशी मुले आमच्या पाहण्यात आहेत. दोन्ही काठ सुटले तर होडी कोठे लागावी?

म्हणून समाजाच्या कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना करावीशी वाटते. गुणगौरव समारंभाच्या दिवशी सभागृहातच मुलांस अर्धा तास द्यावा आणि एक कोरा कागद द्यावा. कागदाच्या मधोमध रेघ ओढावी. एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. स्वतः पाहिलेली एक गोष्ट प्रत्येकाने दोन्ही भाषांत लिहावी. स्पेलिंगच्या चुकांचे गुण कापू नयेत. सर्वांत खऱ्या पानास बक्षीस द्यावे. त्याची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आनंदाने देऊ.

जांभेकरांनी १८३२ साली जी दोन रकान्यांची वाट दाखविली, तीच वाट आपल्या लेकरांस पुन्हा सापडावी, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतो.