नाणं, बट्टा आणि पोतदार

परवा दुपारी नातू मोबाईल घेऊन आला. "आबा, हे बघा, शिवराई! शिवाजी महाराजांच्या वेळची. लिलाव आज रात्री दहाला संपतोय, बोली लावू का?"

चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. 'छत्र' आणि 'पति' या दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा. म्हणजे दुदांडी शिवराई, पेशवाईतली. नाणं खोटं नसेलही, पण सांगितलेला काळ खोटा होता. महाराजांच्या राज्याभिषेकापासून (१६७४) सुरू झालेली ही तांब्याची शिवराई पुढे पेशवाई संपेपर्यंत पाडली जात होती, आणि मजकूर तोच, 'श्री राजा शिव'. त्यामुळे आज विकायला येणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या नंतरच्या असतात. आता हा विक्रेता अज्ञानाने बोलतोय की लबाडीने?

हा प्रश्न मला तसा महागात पडलेला आहे. आमच्या आईच्या देव्हाऱ्यात एक झिजलेली शिवराई असायची. वाटण्यांत ती कुठे गेली कुणास ठाऊक! म्हातारपणी हुरहूर लागली म्हणून तीन वर्षांपूर्वी एक ऑनलाइन लिलावात घेतली, २२०० रुपयांना. विक्रेत्याच्या नावापुढे चांगले शेरे शेकड्याने. हातात आली तेव्हा पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी छिद्रं आणि कडेला शिवणीसारखी रेघ. ओतीव माल! खरं नाणं छाप्याखाली ठोकून पाडलेलं असतं, त्याला अशी शिवण नसते. मग ते शेरे एकेक करून वाचले. सगळे पाच-दहा रुपयांच्या तिकिटांचे नि काडेपेट्यांच्या छापांचे. महाग वस्तूबद्दल एकही नाही. हे आधी वाचायला हवं होतं. (सौ. अजून टोमणे मारते, ते वेगळंच.)

तेव्हापासून मला आपला जुना पोतदार आठवतो. गावचा सोनारच नाणी पारखून द्यायचा, त्याला पोतदार म्हणत. आज ते नुसतं आडनाव उरलंय. पेशवाईत एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, मलकापुरी... टांकसाळी बऱ्याचदा मक्त्याने दिलेल्या, त्यामुळे कस कमीजास्त. सराफ रुपया दगडावर वाजवून बघे, वजन करी आणि जेवढी खोट तेवढा बट्टा कापी. बट्टा तोंडावर सांगितला जाई, त्यात कुणाला लाज नव्हती. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सगळीकडे एकसारखा रुपया केला आणि हळूहळू हा धंदा बसला. नावाला बट्टा लागतो एवढं भाषेत राहिलं!

तर मुद्दा असा की, वस्तूतली खोट विक्रेता आपण होऊन सांगतो का, हे मी आता पहिलं बघतो. खोट म्हणजे कमीपणाच असं नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. हा नहपान आपल्याकडचाच म्हणायचा, त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत आहे. नहपानाचा चेहरा बिघडलेली ती नाणी आहेत म्हणून तर कोण हरलं, कोण जिंकलं ते कळतं. घासूनपुसून चकचकीत केलेलं नाणं दिसलं की म्हणूनच मला शंका येते.

दुसरं, 'जुन्नरच्या शेतात सापडलं' म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे हा माणूस एकतर थापा मारतोय, नाहीतर कायदा मोडतोय. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत. (अमेरिकेतल्या पुतण्याने नोंद घ्यावी!) शिवाय जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणारे भामटे आहेत. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तसं जाहीरच केलं होतं.

नातवाला म्हटलं, "बोली नंतर. आधी वजन विचार, कडेचा फोटो माग, नाणं कुठून आलं ते विचार, आणि पटलं नाही तर परत घेणार का तेही."

तासाभरात उत्तर आलं. कडेचे दोन फोटो, वजन, आणि खाली लिहिलेलं : "आजोळच्या डब्यातली आहे. दुदांडी आहे हे बरोबर, काळ लिहिण्यात माझी चूक झाली. आठ दिवसांत परत घेईन."

मग ५०० पर्यंत बोली लावू दिली. रात्री दहाला नाणं ६५० ला दुसऱ्या कुणालातरी गेलं. नातू खट्टू झाला, पण त्या विक्रेत्याचं नाव त्याने वहीत लिहून ठेवलंय.